पूजेतले बूट

मास्तर, तुम्ही कर्जतच्या इंजिन शेडमध्ये माझ्यासारखेच फिटर होता, पण फुटबॉल शिकवायचात म्हणून आम्ही तुम्हांला मास्तर म्हणायचो. आता मीही म्हातारा झालो, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. केवढा तो हेका तुमचा. पोलंडमध्ये तुम्ही सेंटर फॉरवर्ड होता, पेपरात फोटो यायचे. मग लढाई पेटली, तुम्हांला बर्फाच्या मुलखात लाकडं तोडायला नेलं, तिथं गुडघा कामातून गेला, आणि इराणमार्गे फिरत फिरत तुम्ही आमच्या वाट्याला आलात. हे पुराण तुमच्या मोडक्या हिंदीत मी शंभरदा ऐकलं. ऐकताना जांभई दिली की माळाला आणखी दोन फेऱ्या मारायला लावायचात.

दसऱ्याला खालापुरात सामना ठरला. मोठ्या रेल्वे संघाचे साहेब खेळाडू निवडायला येणार होते. आम्ही सगळे अनवाणी खेळणारे. तुम्ही चार दिवस आधी तुमचे बूट माझ्या हातात दिलेत, शेवटच्या सामन्यातले, एवढ्या वणवणीत जपलेले. "अब इसमें तू गोल मारेगा," म्हणालात. दसऱ्याला सकाळी आईनं विळ्या-कोयत्याशेजारी तेही पाटावर मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. "त्येंच्या पोटाचं हत्यार हाय रं ते," म्हणाली. पूजलेलं हत्यार आमच्याकडे त्या दिवशी वापरत नाहीत. मी अनवाणीच मैदानावर आलो आणि तुम्हांला सांगितलं, आई हात लावू देत नाही. पहिल्याच चांगल्या संधीला अंगठ्याचं नख उचकटलं, चेंडू भलतीकडेच गेला, साहेबांनी दुसऱ्याला निवडलं.

संध्याकाळी तुम्ही तरातरा आमच्या घरी आलात. आईनं तुमच्यासाठी पुरणपोळीचं ताट वाढलं होतं. "तुम्हारा भगवान गोल मारेगा क्या?" तुम्ही दारातूनच तिच्यावर ओरडलात. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ताट पुढे केलं. ताटाला न शिवता तुम्ही निघून गेलात, पुन्हा कधी उंबरा चढला नाहीत, आणि दोन वर्षांनी तापानं गेलात. माझ्या आईला असं बोललात, हे मी आजवर मनात धरून बसलोय.

हे टपालात टाकायचं नाहीच आहे, तेव्हा सांगून टाकतो. त्या सकाळी आईनंच बुटांवरची फुलं बाजूला केली होती. "त्येंनी एवढ्या मायेनं दिल्यात, घाल नि जा," म्हणाली होती. मला ते घालून धावताच येत नव्हतं. चार दिवस मी लपूनछपून सराव करत होतो आणि पडत होतो. तुम्हांला सांगायची लाज वाटली, म्हणून आईचं नाव घेतलं.