नानांची विलंबित सिंफनी

बूढापारा, रायपूर
६ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदास अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र काहून, असं विचारशील. फोन वाजला की तुझे नाना कानाचं यंत्र लावून शेजारी येऊन बसतात, आणि तक्रार त्यांच्याबद्दलच आहे.

पोलीस बँडच्या बँडमास्तरकीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी दोन फेब्रुवारीला मंडळाच्या हॉलमध्ये ते त्यांची लाडकी जर्मन सिंफनी करताहेत. शेवटची, म्हणतात. ऐंशी जणांचं काम बावीस जणांत. इथवर ठीक. पण मधला संथ भाग यंदा इतका संथ केलाय की लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला भैय्यालाल परवा फुंकता फुंकता खालीच बसला. या लयीत वरात निघाली तर पोहोचेपर्यंत नवरी म्हातारी होईल, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. मी विषय काढला तर नाना म्हणतात, मी बरोबर करून राहिलो, तुले नाही समजत.

वयानं हात जड झाला असेल का गं? शेवटच्या दिवशी लोक त्यांना हसले तर मला सोसायचं नाही. कार्यक्रमात पहिलं व्हायोलिन तुझं आहे, त्यांची लेक आहेस, तूच काहीतरी कर. तुझा लोभ आहेच, यंदा जरा जास्त लागेल.

तुझी आई


पुणे
१३ जानेवारी

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

भैय्यालालच्या नवरीवर पोट धरून हसले, मग मात्र काळजी वाटली. नानांना आधी डॉक्टरांकडे ने. नोकरीभर त्यांनी नोटेशनमधली छापील लय कधी सोडली नाही, आणि मी सोडली की माझा कान धरायचे!

एक युक्ती आहे. बँडमास्तरची काठी कोणाच्याही हातात असो, वादक बघतात पहिल्या व्हायोलिनच्या गजाकडे. मी सरळ छापील लयीत सुरू करीन, बाकीचे मागे येतील. नानांना कळेपर्यंत तो भाग संपलेला असेल. ही फसवणूक आहे, मला कळतं. पण त्यांचं हसं होण्यापेक्षा बरी. या गुन्ह्यानंतरही माया असू दे.

तुझी ज्ञानदा


रायपूर
२० जानेवारी

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

डॉक्टर म्हणाले, हात ठणठणीत आहे. मग मी सरळच विचारलं, तेव्हा कुठे बोलले.

लग्नानंतर आम्ही दोघं इथेच रायपुरात, पंडरी मोहल्ल्यात एका खोलीत राहायचो. नानांनी मित्राकडून रेकॉर्ड प्लेअर आणि ही सिंफनी आणली होती. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरायचं आणि तबकडी रेंगाळायची. सूरही खाली यायचे. नानांना वाटे, जर्मन लोक असेच खर्जात वाजवत असतील! पुढे ट्रेनिंगमध्ये त्याच लयीत वाजवून दाखवलं आणि साहेबांनी चांगलंच फैलावर घेतलं. त्यानंतर आयुष्यभर छापील लय. आता शेवटी एकदा, आम्ही दोघांनी ऐकली होती तशी वाजवायची, एवढंच त्यांच्या मनात आहे.

मी ते साफ विसरले होते गं. ऐकून फार रडू आलं. तुझी युक्ती राहू दे. भैय्यालालच्या दमाचं काय करायचं ते सांग, आणि आमच्यावर लोभ ठेव.

तुझी आई


पुणे
२५ जानेवारी

ती. सौ. आईस सा. न.

युक्ती रद्द. भैय्यालालशी फोनवर बोलले. वरातीत एकानं दम घेतला की जोडीदार सूर धरून ठेवतो, तसंच तो आणि त्याचा जोडीदार मारोती इथे करतील. हव दीदी, म्हणत लगेच कबूल झाला. नानांना इतक्यात सांगू नकोस. तुझ्या जावयांनी नमस्कार सांगितलाय. माया आहे तशीच राहो.

तुझी ज्ञानदा


रायपूर
४ फेब्रुवारी

चि. ज्ञानदास आशीर्वाद.

कार्यक्रम संपताच तू गाडीला पळालीस, म्हणून लिहिते. सकाळीच नानांनी मला सांगितलं होतं की पोट्ट्यांचे हाल होऊन राहिले, मधला भाग छापील लयीतच उरकतो. माझं ऐकेनात. म्हणून त्यांची काठी भरभर सुटली. तुझा गज मात्र संथ आला, आणि सगळे तुझ्या मागे. नाना काठीनं ढकलत होते, एकही जण हलेना. भैय्यालाल तर छतच बघत होता.

मग त्यांनी काठी खाली केली आणि वळले. वाजत्या बँडकडे पाठ करणाऱ्याला ते नोकरीत शिक्षा द्यायचे. तुला पाठ दिसली, मला चेहरा दिसला. पहिल्या रांगेत मी होते, माझ्याकडे बघत ते सूर थांबेपर्यंत उभे राहिले. आमच्या दोघांचाही तुझ्यावर किती लोभ आहे, ते कसं लिहू?

लोक हसले की नाही, मला खरंच माहीत नाही. मी लोकांकडे पाहिलंच नाही.

तुझी आई