एकच धुराडं

१२ ऑक्टोबर

पोचलो एकदाच्या दोघी! नदी गोठायच्या आत शेवटची बोट मिळाली, आणि बोट तरी कसली, चक्क आभाळातून पडलेल्या अग्निबाणाच्या पत्र्याची! गावचा मुख्य येर्मिल स्वतः आणायला आला होता. तो वल्हवता वल्हवता सांगत होता, की उत्तरेच्या तळावरून अग्निबाण उडतात आणि त्यांची रिकामी टरफलं आमच्या दलदलीत पडतात. सरकार म्हणतं हात लावू नका, पण फुकटचा एवढा चांगला पत्रा सोडायला आम्ही काय खुळे आहोत? आमच्या कोझ्मागोरा गावातल्या बोटी, घसरगाड्या, डुकरांची कुंडं, सगळं त्याचंच. माझी तास्या खो खो हसली. हसता हसता खोकलीसुद्धा, पण शहरात खोकायची तशी नाही.

घर नवंकोरं आहे. गावातली बाकीची घरं जुनी, काळीभोर, आणि मधोमध आमचं हे एकच पिवळंधमक, अजून राळेचा वास येणारं. पुढची खोली दवाखान्याची, मागची आमची. मागच्या खोलीत विटांची ही मोठी चूल, वर दोघी झोपू शकू एवढी. आणि लाकडं! बर्चची, वाळलेली, फोडलेली, भिंतीला लावून छपरापर्यंत रचलेली. तरी दिवसभर शेजारीपाजारी येत होते आणि प्रत्येकाच्या हातात भेट म्हणून आणखी एक मोळी. समोरच्या कापितोलिनाकाकूंनी मासा भरून भाजलेला पावही आणला. म्हणाल्या, लाकडाची काळजी तू करायची नाहीस हं डॉक्टरीणबाई, तू नुसती चूल पेटती ठेव, लेकरू नाजूक आहे ना. मी म्हटलं, अहो, मी साधी नर्स आहे. तर म्हणे, इथे जिला सुई टोचता येते ती डॉक्टरीण.

बाकी सगळीकडे मला तास्यामुळे नकार मिळाला होता. सात वर्षांची, सतत आजारी मुलगी असलेली नर्स कोणाला हवी असते? फक्त या गावाने कळवलं होतं, की मूल असलेलीच पाठवा. आज तास्याला चुलीवर झोपवलं आणि किती दिवसांनी सुखाने रडले.

२० ऑक्टोबर

कामाची घडी बसली. सांधेदुखी, रक्तदाब, एक कुऱ्हाडीचा घाव. शेजारच्या फेव्रोन्या आजींना रोज सुई द्यायला जाते. आजी दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या, अंथरुणाला खिळलेल्या, पण जीभ तरतरीत. म्हणतात, तुझा हात हलका आहे गं, आधीची खिळा ठोकल्यासारखी सुई ठोकायची. तास्याला त्यांनी ‘माझी चिमणी’ करून टाकलंय. ही पळत पळत समोरच्या वाटेने जाते, त्यांच्या कुशीत शिरते, आणि आजी तिच्या हातांची बोटं चाचपत गोष्टी सांगतात. माझ्या आईला नात पाहायला मिळाली नाही. त्या दोघींना तसं पाहिलं, की आईची आठवण येते.

आधीची नर्स कुठे गेली, असं विचारलं. आजींनी चहा मागितला.

२८ ऑक्टोबर

आज एक विचित्र गोष्ट झाली. सकाळी येर्मिल घरोघर जाऊन काहीतरी सांगून आला, आमच्याकडे सोडून. दुपारी एका रोग्याकडून परतताना माझ्या लक्षात आलं, की गावात एकाही धुराड्यातून धूर येत नाही. एवढ्या थंडीत! फक्त आमच्याच. कापितोलिनाकाकू शाल घट्ट लपेटून तळघराकडे निघाल्या होत्या. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, आज धुराडी साफ करायचा दिवस, तुझं नवं आहे, तुला गरज नाही, जा, लेकराजवळ बस.

मग तासाभराने आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला. खिडक्या थरथरल्या, मांडणीवरून कप पडून फुटला. आमच्या भाजीच्या वाफ्यांपलीकडे, दलदलीत, एक भलंमोठं लोखंडी टरफल येऊन रुतलं होतं आणि त्यातून पिवळट वाफ निघत होती.

लोक तळघरांतून वर आले. सगळ्यांनी आधी आमच्या छपराकडे पाहिलं, आणि मग दलदलीकडे. ते चेहरे मी ओळखते. इस्पितळात, आज रात्री जाणार असं सांगितलेला म्हातारा सकाळी उठून बसला, की नातेवाइकांचे चेहरे असे होतात.

२९ ऑक्टोबर

पत्रा कापायला सगळा गाव जमला होता. कोणीतरी म्हणालं, थोडक्यात हुकलं. येर्मिलने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग मला बघून हसला आणि म्हणाला, डॉक्टरीणबाई, तुम्हाला याची बादली करून देतो.

६ नोव्हेंबर

रेडिओवर दिवसभर एकच बातमी. एक मोठा जुना उपग्रह ताब्यातून सुटलाय, आठवडाभरात खाली येणार. कुठे पडेल ते कोणालाच सांगता येत नाही. मॉस्कोत म्हणे लोक तळघरं झाडायला लागलेत. एक शास्त्रज्ञ समजावत होते, की बहुतेक समुद्रातच पडेल, एखाद्या माणसावर पडणं जवळजवळ अशक्य आहे. दवाखान्यात आलेल्यांना मी तेच हसत हसत सांगितलं. कोणी हसलं नाही. येर्मिल टोपी हातात फिरवत म्हणाला, कुठे पडेल हा प्रश्न शहरातल्यांना पडतो, बाई.

संध्याकाळी पुन्हा मोळ्या आल्या. जागा उरली नाही, तर त्यांनी दारालगत रचल्या.

८ नोव्हेंबर

कापितोलिनाकाकूंकडे जाऊन सरळ विचारलं. त्या कणीक मळत होत्या. हात थांबले नाहीत.

त्यांनी सगळं सांगितलं, अगदी प्रेमाने, एखाद्या नव्या सुनेला घरची रीत सांगावी तसं. आभाळातलं लोखंड धुरावर येतं. गावातल्या सगळ्या चुली पेटलेल्या असल्या, तर ते कुठेही येतं. एकच पेटलेली असली, तर तिथे येतं. दर वेळी अचूक नाही, पण गावाला एवढं पुरतं. म्हणून गावाच्या मधोमध एक घर असतं. ते जातं, मग आम्ही नवं बांधतो. आधीच्या नर्सचा मुलगा पायाने अधू होता.

मी म्हटलं, तुम्ही माणसं आहात का? त्या म्हणाल्या, एका वर्षी त्या घरातला माणूस पिऊन पडला आणि चूल विझली. गावात कुठलीच चूल पेटलेली नव्हती. त्या दिवशी ते शाळेच्या अंगणात आलं. माझा मुलगा सेवा तिथे चेंडू खेळत होता, आठ वर्षांचा. तेव्हापासून आम्ही एकटा माणूस घेत नाही. आई घेतो. आई चूल विझू देत नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि तास्यासाठी गरम पाव बांधून दिला. मी तो घेतला. का घेतला?

१० नोव्हेंबर

मी बाहेर पडायचा मार्ग शोधतेय. नदीत बर्फाचे तुकडे वाहताहेत. बोट घातली तर चिरडेल, चालत जावं एवढा बर्फ जाड नाही. दवाखान्याच्या रेडिओवरून हेलिकॉप्टर मागितलं. ते म्हणाले, उपग्रह पडेपर्यंत सगळी उड्डाणं बंद आहेत, लोक घाबरलेत, तुम्हीही घाबरू नका.

हे सगळं खुळचटपणाचं आहे, असं स्वतःला सांगते. शिकलेली बाई आहे मी. पण दलदलीतला तो खड्डा आमच्या घरापासून दगड फेकण्याच्या अंतरावर आहे.

तास्याला ताप चढलाय. छातीत घरघर.

११ नोव्हेंबर

येर्मिलचे पाय धरले. म्हटलं, मी बसते, मी चूल पेटती ठेवते, शपथ घेते, फक्त तास्याला तुमच्या तळघरात न्या. त्याने मला उठवलं, माझ्या गुडघ्यांवरचा बर्फ झटकला. म्हणाला, तिला नेलं तर तू चूल विझवशील.

आणि खरंच — विझवली असती.

१२ नोव्हेंबर

उद्या. दुपारनंतर केव्हाही, असं रेडिओ म्हणतो. आपल्या डोक्यावरून जाणार आहे.

तास्या विचारते, आई, तू माझ्याकडे अशी का बघतेस?

चूल पेटवली तर ते. नाही पेटवली तर हा ताप, ही थंडी — आणि तरीही ते कुठेतरी येणारच. कुठेही. इथेसुद्धा. दुसरा धूर हवा. फक्त एक. थोडा वेळ.

नाही. नको. असा विचारसुद्धा नको.

१३ नोव्हेंबर, सकाळ

रात्रभर बर्फ पडला. सगळं पांढरं, सपाट. येर्मिल आणि दोघं तिघं निखारे घेऊन आले, माझी चूल भरून पेटवून गेले. कापितोलिनाकाकूंनी तास्याचा मुका घेतला. सगळे तळघरांत उतरले, झाकणं लावली. आता वर कोणी नाही. आम्ही दोघी आणि —

फेव्रोन्या आजींना ते खाली नेत नाहीत. जड आहेत, म्हणतात. चार गोधड्या टाकतात आणि जातात.

दुपार

केलं.

आमच्या चुलीत बादलीभर पाणी ओतलं. तास्याला म्हटलं, विटा अजून ऊन आहेत, वर गोधड्यांत पडून राहा, अजिबात हलू नकोस. ती कुडकुडत होती. आई, का विझवलीस? मागच्या दाराने, आमच्या रिकाम्या गोठ्याआडून लाकडं घेऊन गेले.

आजी म्हणाल्या, कोण गं? माझी डॉक्टरीण? त्यांचे हात बर्फासारखे. मी पेटवत होते आणि त्या रडत होत्या, आनंदाने. म्हणाल्या, अशा दिवशी मला कोणी आठवत नाही गं. तुझी लेक सुखात राहो. पुन्हा पुन्हा तेच. मी आणखी लाकूड घातलं. ओलं, धूर व्हावा म्हणून. त्यांच्या कपाळाला हात लावला, आणि निघाले.

मग गोठ्यातच बसून राहिले. किती वेळ, माहीत नाही. घरात जायची लाज वाटली. पोरीच्या तोंडाकडे बघायची.

आता आत आहे. वर गोधड्यांचा ढीग आहे, हालचाल नाही. झोपली असेल. उठवत नाही. थोडाच वेळ, बाळा. मग तुला खूप ऊब देईन. वसंतात इथून जाऊ. तुला कधीच कळणार नाही.

खिडकीतून दिसतंय — आजींच्या धुराड्यातून धूर, जाड, सरळ वर.

आभाळात रेघ. पांढरी. दिवसाउजेडी. आवाज येतोय, लांबून, घरंगळल्यासारखा —

तिकडेच वळतेय. तिकडेच. आमच्याकडे नाही. देवा, आमच्याकडे नाही —

समोरच्या, आजींकडे जाणाऱ्या वाटेवर पावलं आहेत. मी तर मागून गेले होते.

लहान पावलं. इथून तिकडे. परत येणारी नाहीत —

तास्या, खाली ये. तास्या. गोधड्या ओढल्या, आणि उशी, नुसती उ—