दोनशे चौदा वेळा 'बरं'

३ मार्च, मंगळवार

दगड म्हणाले मला! मला म्हणजे आमच्या इन्स्पेक्टरबाईंना — पण आवाज माझा, म्हणजे दगड मीच.

पुस्तक ऐकायच्या ॲपवर येऊन बारा दिवस झाले. एकोणीस तास चाळीस मिनिटं, सात खून, आणि सगळं या एका घशातून. पहिल्या दिवशी चार अभिप्राय होते, आज एकशे साठ! चहा निवून गेला तरी मी आपली वाचत बसलेली. 'ही बाई आहे की फ्रीज?' — हा एक. 'प्रेत बघून नुसतं "बरं" म्हणते. जाम आवडली!' — हा दुसरा. एक दंतवैद्य लिहितात, दवाखान्यात हेच लावून ठेवतो, पेशंट आपणहून तोंड उघडं ठेवतात. आणखी एक बाई म्हणतात, ऐकता ऐकता ब्लाउजला तीन बाह्या शिवल्या. यात माझं कौतुक आहे की तक्रार, ते काही कळलं नाही.

दुसऱ्या भागाचं वाचन मला मिळणार की नाही ते याच अभिप्रायांवर ठरणार. निर्मातीबाई स्पष्ट म्हणाल्या, "श्रोते काय म्हणतात बघू, मग बोलू." आजवर छत्तीस पुस्तकं वाचली — बागकाम, परीकथा, पाठदुखीवरचे व्यायाम. कोणी कधी एक ओळ लिहिली नाही. हा दुसरा भाग मला हवाय. लाज सोडून लिहिते — फार हवाय.

५ मार्च, गुरुवार

नवरोबा इस्त्री करताना ऐकतात. आठव्या प्रकरणात पोचलेत. "खुनी कोण ते सांगू नकोस हं!" असं मलाच दटावतात. आज मध्येच इस्त्री उभी करून म्हणाले, "तिला घरी कोणी नाही का गं?"

"आहे की. नवरा आहे. इस्त्री करतो."

हसले, पण थोडं उशिराने.

लेकीला फोन केला. लग्न होऊन परगावी गेली, तिथे एका ऑफिसात इमारतींचे नकाशे काढते. ऐकलंस का गं? तर म्हणे, "ऐकतेय ना आई, तिसऱ्या प्रकरणावर आहे." मागच्या आठवड्यातही तिसऱ्यावरच होती! म्हटलं, बाई गं, पहिला खून पाचव्यात आहे, तिथवर तरी पोच. "हो हो" म्हणाली. जगातल्या सगळ्या दंतवैद्यांचं मत आलं, पोटच्या पोरीचं नाही.

८ मार्च, रविवार

एका रिकामटेकड्याने मोजलं. इन्स्पेक्टरबाई पुस्तकभर दोनशे चौदा वेळा 'बरं' म्हणतात. त्याखाली ही रांग! 'त्या एका शब्दात केवढा संयम.' 'जणू लांबून बोलते, आपल्यात नसतेच.' 'मी ऑफिसात साहेबांना तसंच बरं म्हणून बघितलं, रजा मिळाली.'

मला काही कळेना. मी तर दोनशे चौदा बरं दोनशे चौदा तऱ्हांनी म्हटले होते! एक संशयाचं, एक दमल्याचं, एक 'बस झालं आता' असं. स्वतःच्या आईच्या प्रेताजवळचं बरं तर डोळ्यांत पाणी आणून म्हटलं होतं. त्या दिवशी नंतर जेवण गेलं नाही.

मी स्वतःचं वाचन कधी ऐकत नाही, दात आंबतात. आज ऐकलं. आईच्या प्रेताजवळ — बरं. चहावाल्याला — बरं. खुन्याला बेड्या घालताना — बरं. सगळीकडे एकच! तेच, तसंच, त्याच पट्टीतलं. माझं डोळ्यांतलं पाणी कुठे गेलं?

११ मार्च, बुधवार

स्टुडिओत जाऊन बटणरावांना धरलं. (रेकॉर्डिंग करतो तो. बटणांशिवाय कशाशी बोलत नाही म्हणून हे नाव. त्याला माहीत आहे, चालतं.) आधी हेडफोन पुसत बसला. मग म्हणाला, "ताई, रागावू नका."

म्हणजे रागवायचंच होतं.

तर झालं असं — मी 'ब' म्हटलं की ओठांची हवा माइकवर आपटते, फट्! दोनशे चौदा बरं, दोनशे चौदा फटाके. पुन्हा म्हणवून घ्यायला वेळ नव्हता. "एकच स्वच्छ सापडलं, ताई. मग तेच उचललं आणि सगळीकडे चिकटवलं."

आईच्या प्रेताजवळसुद्धा?

"तिथे तर फारच मोठा फट् होता."

असा राग आला की मला हसूच फुटलं. लोक ज्या बाईच्या थंडपणाच्या पायी वेडे झालेत, तो थंडपणा बटणरावांच्या आळसातून आलाय! लेखकाने लिहिला नाही, मी वाचला नाही. मी आणि बटणरावांनी मिळून ठरवलं, कोणाला सांगायचं नाही.

१४ मार्च, शनिवार

मिळाला! निर्मातीबाईंचा फोन आला. दुसरा भाग माझा! एकच अट — "ते 'बरं' अगदी तसंच हवं हं, ताई. या वेळी तीनशेच्या वर आहेत. शुक्रवारी येऊन एक पान वाचून दाखवा, मग सही करू."

बटणरावांना विचारलं, जुनंच पुन्हा चिकटवता येईल का. येणार नाही म्हणे. शुक्रवारी निर्मातीबाई समोर बसून ऐकणार आहेत, आणि या वेळी माइकही नवा.

१६ मार्च, सोमवार

घरात सराव चालू. नवरोबा म्हणाले, दूध संपलंय. मी — बरं. म्हणाले, छत गळतंय. मी — बरं. संध्याकाळी बिचारे दार अर्धं उघडून विचारतात, "माझं काही चुकलंय का गं?" मला हसू आवरेना. मग तेही सरावाला बसले, खुर्चीत मान टाकून प्रेत झाले. प्रेताला गुदगुल्या होत होत्या.

बारा नमुने फोनवर रेकॉर्ड करून पाठवले. निर्मातीबाईंचं उत्तर आलं — "सगळे मायाळू झालेत."

काय करू! माया लपवायला जावं तर जास्तच दिसते. कौतुक वाटलं स्वतःचं आणि वैतागही आला.

१८ मार्च, बुधवार

बटणरावांकडे गेले. म्हटलं, ते मूळचं बरं ऐकव, मागचंपुढचं सगळं. कुठल्या प्रसंगातलं आहे ते कळलं तर जमेल.

तो म्हणाला, "ते पुस्तकातलं नाहीच, ताई. तुम्ही फोनवर होतात. तोंड माइककडे नव्हतं, म्हणून तर फट् नाही."

फोन आत न्यायचा नाही असा नियम. मी नेला होता, आणि माइक चालूच होता.

त्याने लावलं. मी म्हणतेय — "बोल पटकन... अगं आत्ता कुठे, हे पुस्तक संपू दे ना..." मग समोरचं कोणीतरी बोलतं, ते ऐकू येत नाही. मग मी — "बरं."

तेच. दोनशे चौदा जागी वाजतं तेच. मी कोणाशी अशी बोलले? आठवत नाही! तारीख अठरा नोव्हेंबर. घरी येऊन याच वहीतलं त्या दिवशीचं पान काढलं. 'आज सहा प्रकरणं झाली. घसा छान.' बस. फोनबद्दल अक्षर नाही.

'अगं' मी तिघींना म्हणते. शेजारीण, धाकटी बहीण, लेक.

१९ मार्च, गुरुवार

शेजारणीकडे माझा नंबरच नाही, ती गॅलरीतून हाक मारते. बहीण म्हणाली, "मी कशाला गं तुला कामाच्या वेळी फोन करीन? तू खेकसतेस."

खेकसते म्हणे! नवऱ्याला विचारलं, मी खेकसते का? त्यांनी कॉलर दोनदा इस्त्री केली.

उद्या पान वाचायचंय.

२० मार्च, शुक्रवार

सकाळीच लेकीला विचारलं. तिला शब्दन् शब्द पाठ आहे.

"मी विचारलं होतं, थोडे दिवस घरी येऊन राहू का. तू म्हणालीस, पुस्तक संपू दे. मी म्हटलं, मग राहू दे, एवढं काही नाही. मग तू..." पुढचा शब्द तिने म्हटला नाही.

त्या दिवशी ती नवऱ्याचं घर सोडून निघाली होती. रस्त्यावरून बोलत होती, बॅग हातात होती. चार महिने मैत्रिणीच्या खोलीवर राहतेय.

निर्मातीबाईंना कळवलं — ते बरं माझ्याच्याने आता होणार नाही, दुसरी वाचक बघा.

साडेअकराची गाडी आहे. आता तिला 'ये' म्हणत बसत नाही. मीच जातेय.