मशीन दाराबाहेर

दादा, आज सोमवार, दुपारचे साडेतीन वाजलेत. मी अंगणात टेम्पोच्या सावलीला बसलोय आणि मला तुमचा राग आलाय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही, पोटचा पोरगा म्हणून मीही नाही. आज बोलणार आहे.

टेम्पो माझा आहे, जुनाच घेतला. यंदाही पाऊस गेला, विहिरीचा तळ दिसतोय, म्हणून दिवाळी झाली की आम्ही दोघं ऊसतोडीला निघणार, लेकराला घेऊन. लेकरू सात महिन्यांचं आहे. त्याला पाचटाच्या कोपीत, उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत झोपवायचं नाही, हे मी त्याच्या जन्माआधीच ठरवलं होतं. म्हणून टेम्पोच्या हौद्यावर पाटोद्याच्या वेल्डरकडून पत्र्याची खोली बसवून घेतली. आत फळीचा पलंग, जाळीच्या दोन खिडक्या, एक बल्ब, एक पंखा. कारखान्याच्या तळावर आम्हाला वीज कोण देणार? पंख्यासाठी जनरेटर पाहिजे. पेट्रोलचा घ्यावा की गॅसचा, या विचारात मला आठ दिवस नीट झोप नाही.

आईपुढं विषय काढला तर तिनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. "त्या मशीनचं नाव काढू नगंस माझ्यापुढं. कंदिलावर दिस काढले आमी."

"आत्याबाई, कंदिलावर पंखा फिरतो व्हय?" बायको म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याला फिरीव म्हनावं हातानं. न्हाईतरी रातभर जागाच असतोय."

दोघी हसल्या. मग आई हसता हसता थांबली आणि भाकरी करपली.

बीडला गेलो. दुकानदारानं दोन्ही मशीनं फूटपाथवर मांडली. "गॅसचं न्या भाऊ. पेट्रोलसाठी रोज कॅन घेऊन पंपावर उभं राहावं लागतंय, वर पोरं नळी लावून चोरून नेतात." त्यानं गॅसचं मशीन चालू केलं आणि धुराच्या नळीपुढं पांढरा रुमाल धरला. "बघा, डाग तरी हाय का? गाडीत ठेवलं तरी चालतंय. घरात शेगडी पेटवता तसंच समजा."

"आत ठेवून माणूस मरतो," मी म्हणालो.

"ते पेट्रोलचं असंल."

"पेट्रोलचंच होतं. पण तिथंही धूर दिसला नव्हता कुणाला."

"तुमचं कोन होतं?" त्यानं रुमालाची घडी घालत विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि राग त्याच्यावर नव्हताच.

दादा, त्या हंगामात मी गावातल्या शाळेच्या वसतिगृहात होतो. जे माहीत आहे ते आईकडून. मुकादमानं टोळीला जनरेटर दिला आणि तो सांभाळायला तुमच्याकडं सोपवला, का, तर तुम्ही विश्वासाचे. वर सांगितलं, "मशीन गेलं तर तुझ्या उचलीत धरीन." हंगामाआधी घेतलेली ती उचल तुम्ही ऊस तोडूनच फेडत होता. थंडीचे दिवस. तुम्हाला ताप होता, म्हणून रात्री टोळीबरोबर ट्रक भरायला आई एकटीच गेली. टोळीतले सगळे आपापले मोबाईल चार्जिंगला तुमच्यापाशी ठेवून गेले. जाताना आई म्हणाली, "मशीन भायेर ठिवा की." तुम्ही म्हणालात, "भायेर ठिवलं तर सकाळी सापडंल का?" तुम्ही मशीन कोपीत घेतलं, चालू ठेवलं, गारठा येऊ नये म्हणून दारावर ताडपत्री ओढली आणि झोपलात.

आई परत आली तेव्हा मशीन चालूच होतं. सगळ्यांचे मोबाईल भरले होते.

दहाव्याला मुकादम आला. चार माणसांत म्हणाला, "लई इमानदार गडी. मशीनला ओरखडासुदिक येऊ दिला न्हाई." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, कारण मला त्याचा अभिमान वाटला होता. पुढच्या हंगामात तेच मशीन त्यानं आष्टीकडच्या दुसऱ्या टोळीला दिलं. ते चांगलं चालत होतं. माझी शाळा नववीत सुटली, ऊस वाहता वाहता आईची कंबर गेली, आणि अजूनही पारावर कुणी भेटलं की सांगतं, तुझा बाप इमानदार होता. कुणाशी इमान, दादा? मुकादमाच्या लोखंडाशी? आमच्याशी काहीच नव्हतं का? चोरीला गेलं असतं तर एक हंगाम जास्त तोडला असता. आईनं तोडला असता, मी तोडला असता. तुमच्याशिवाय आम्ही तेच करत आलोय.

शेवटी पेट्रोलचं घेतलं. गॅस गळला तर हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि लेकराचं अंथरूण खालीच असतं. शिवाय तळावर टाकी संपली तर दुसरी कुठून आणू? पेट्रोलचं असो की गॅसचं, जाळातून निघणारं विष दोन्हीकडं सारखंच, एवढं मला कळलंय. त्यावर निकाल बायकोनं दिला. "कोन्तंबी घ्या. पन ते या खोलीत येनार न्हाई. चोरीला गेलं तर जाऊ द्या, दुसरं घिऊ." मी लांब वायर घेतली, जाड साखळी घेतली. आज पहिल्यांदा मशीन टेम्पोपासून लांब, कुंपणाजवळ ठेवून चालू केलं. पंखा फिरला. लेकरू त्याच्याकडं बघत झोपलं.

हे पत्र कुठं टाकणार? टाकायला जागा नाही. पण एक गोष्ट लिहितो. मघाशी दोन पोरं मोटारसायकलवरून गेली, थोडं पुढं जाऊन परत फिरली आणि मशीनकडं बघत हळू गेली. मी वही खाली ठेवली, साखळी सोडली, आणि चालू मशीन दोन्ही हातांनी उचलून टेम्पोच्या दारापर्यंत आणलं. एक पाय पायरीवर टाकला होता. आतून बायको म्हणाली, "अवो, काय करताय?"

मशीन मी परत नेऊन ठेवलं. पण दादा, ती बोलली नसती तर मी ते आत घेतलं असतं.