टिली बहिरी नाही

ती. आर्डिसताईस,

धाकट्या ऑर्विलचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? इकडे डोंगरावर बर्फ दिसायला लागलंय, मेंढरं खाली आणलीत आणि मार्लिस (जगाच्या लेखी माझी बायको, घरात माझी हेडमास्तरीण) ठणठणीत आहे. पुढचं वाचायला तू चष्मा शोधत बसशील, म्हणून मुख्य बातमी आधीच सांगतो. टिलीला न्यायला येऊ नकोस. माझी कुत्री बहिरी नाही. हुश्श!

मागच्या पत्रातलं माझं रडगाणं विसरून जा. झालं असं, की दात काढल्यापासून मी नुसत्या हिरड्यांवर, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचो आणि टिली मेंढरं वळवून आणायची. छान चाललं होतं. मग तुझ्या आग्रहाखातर कवळी बसवली. (तुझी कवळी तुला अशी शोभते, की वाटावं जन्मतःच घेऊन आलीस. माझी, मी बोलायच्या आधीच बोलायला लागते.) आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण हे दात आपले कुठे? सफरचंद चावलं तर कवळी सफरचंदातच राहिली, तेही सोसलं. पण टिलीने ऐकणं सोडलं. मी शिट्टी मारायचो आणि ती खाली बसून माझ्या तोंडाकडे टकामका बघायची, म्हातारा खुळावला की काय, अशी. मार्लिस म्हणाली, "अरे ऑर्विल, वय झालं तिचं. कान गेले. ताईंकडे शहरात धाड, सोफ्यावर झोपेल बिचारी." मी हो म्हटलं आणि मेंढवाड्यामागे जाऊन रडलो. तुला म्हणून सांगतो.

परवा फाटकाशी उभा होतो. मेंढरं पांगलेली, वारा सुटलेला, आणि मला अशी सणसणीत शिंक आली की कवळी थेट गवतात. संतापून बोटं तोंडात घातली आणि शिट्टी ठोकली. ताई, टिली बाणासारखी सुटली गं! सगळा कळप वळवून आणला आणि माझ्या पायाशी येऊन बसली. कवळी लावून मी इतके दिवस नुसती फुसफुस काढत होतो आणि ती मला शिट्टी वाटत होती. कान गेले होते ते माझे! तिथेच चिखलात बसून तिला मिठी मारली. कवळी तिनेच हुंगून शोधून काढली. आता आमचा नियम ठरलाय. दात खिशात गेले की काम सुरू, दात तोंडात आले की सुट्टी. जीव भांड्यात पडला बघ.

तुझा,
ऑर्विल

ता. क. काल चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण होतं. त्या लिबलिबीत माशाला दात लागतात कुठे? मी कवळी हळूच खिशात टाकली. टिली टेबलाखाली होती, तिने ते पाहिलं. पाद्रीबाबांसकट सगळ्या महिला मंडळाला तिने कॉफीच्या टाकीशी कोपऱ्यात गोळा करून धरलं. थांबवायला शिट्टी मारावी, तर तोंडात मासा.

ता. क. टिलीसाठी तू तुझ्या परसात बांधून घेतलेलं खोपटं मोडू नकोस, आत एक जाड ब्लँकेट टाकून ठेव. पाद्रीबाबांनी टिलीला माफ केलंय, मार्लिसने मला नाही. शुक्रवारी मी आणि टिली येतोय. टिली सोफ्यावर झोपेल.