पळीभर घासलेट

कार्तिक वद्य ३, शके १८११. नौपाडा

आला एकदाचा! हमालाच्या डोक्यावर घासलेटचा डबा, अन् टिनाची चिमणी खुद्द स्वारीच्या उपरण्यात गुंडाळलेली. कचेरीतल्या सगळ्या कारकुनांनी घेतला म्हणे. सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "शी गं बाई! माझ्या देवापाशी हा वास नको." करंजाच्या तेलाच्या मिणमिणत्या उजेडात इतकी वर्षं डोळे फोडले, त्याचं काही नाही!

तुळसावन्संनी चिमणीजवळ पुस्तक धरलं. मग हळूच — "वहिनी, जोडाक्षरंसुद्धा दिसतात हो."

कार्तिक वद्य ७

मुलींच्या शाळेतल्या बाईंचा निरोप आला. वन्संनी चैत्रात चौथीची परीक्षा दिली तर पुण्यास मास्तरणींच्या शाळेत नाव घालतील. तिथे शिकताना पैसे मिळतात, पुढे पगाराची नोकरी. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन पोर माहेरी आली, तीन वर्षं आलवण गुंडाळून माझ्या स्वैपाकघरात राबते आहे. तिला दुसरं दार कुठलं?

सासूबाई नाही म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "दिवसाच्या कामाला खळ पडता कामा नये. रात्री काय हवं ते कर." पोटची लेक ना, विरघळल्या थोड्या.

म्हणजे सगळं त्या चिमणीवर आलं.

मार्गशीर्ष शुद्ध २

करंजेलाचा एक दिवा होता तेव्हा अवघं घर त्याच्याभोवती. आता स्वैपाकघरात चिमणी, माजघरात चिमणी, ओटीवर काचेचा मोठा दिवा. काल गोठ्यातही एक लावलेली! म्हशीला काय पोथी वाचायची आहे?

मार्गशीर्ष शुद्ध १५

आज स्वारीचा पारा चढला. करंजेलापेक्षा घासलेट निम्म्या भावात, म्हणून खर्च निम्मा व्हायचा होता. झाला दीडपट! चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

मी म्हटलं, स्वस्त आहे म्हणूनच जळतं. करंजेल महाग होतं तेव्हा जेवणं आटोपली की आपण निजत होतो. आता ओटीवर मित्र जमवून सोंगट्या कोण खेळतं? उत्तर नसलं की कडक शिस्त! डबा कुलपात. किल्ली सासूबाईंकडे. आतल्या चिमण्यांना रोज एक पळी. ओटीच्या दिव्याला माप नाही बरं का, तिथे पुरुष बसतात.

मार्गशीर्ष वद्य ५

एक पळी पुरत नाही. वन्संची चिमणी आधी स्वैपाकाला, मग वाढायला, मग उष्टी-खरकटी. पुस्तक उघडेपर्यंत वात तडतडायला लागते. मग आईपुढे वाटी धरायची. सासूबाई कुरकुरतात, पण देतात अर्धी पळी.

मला धास्ती वेगळीच. तिन्हीसांजेला लावलेला दिवा मधे मालवायचा नाही, लक्ष्मी जाते. समईत आपण जळत्या वातीशेजारीच तेल घालतो ना? तसंच वन्सं जळत्या चिमणीत घासलेट ओततात! बाजूचं तोंड उघडून, हात लांब धरून. मालवून भरावी, तर परत लावणार कोण? या घरात दिवा सवाष्णीनं लावायचा. भरायचा विधवेनं, लावायचा मी. मी हाक मारायला सांगते तर म्हणतात, "तुम्हाला किती वेळा उठवू?" अन् मालवताना सासूबाईंनी पाहिलं तर बोलणी बसतील ती वेगळीच.

स्वारीला सांगितलं, हे तेल भसकन पेटतं, आईंना समजवा. "बरं, सांगतो."

मार्गशीर्ष वद्य ११

सांगितलं नाही अजून. उंटावरून शेळ्या हाकायला मात्र तयार!

पौष शुद्ध ४

लेखणी धरवत नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल मी बाहेर बसलेली, मागच्या पडवीत. दिवा शेजारच्या उत्तराकाकू येऊन लावून गेल्या. सासूबाई देवळात कीर्तनाला, स्वारी मित्राकडे. जाताना सासूबाई वाटीत जादा तेल काढून ठेवून गेल्या. हो, काल त्यांनीच आपण होऊन! "आज गणित आहे ना तुझं."

भिंतीपलीकडे वन्संचे पाढे चालले होते. मग थांबले. मग भप्प असा आवाज, अन् किंकाळी.

विटाळ गेला खड्ड्यात! आत धावले. पदर, छाती, हात, सगळं पेटलेलं. घोंगडी टाकून मिठी मारली. माझे तळवे भाजले. त्यांचं काय झालं ते मला लिहवत नाही.

पौष शुद्ध ५

इस्पितळातले डॉक्टर येऊन गेले. चुन्याची निवळी अन् तेल घोटून लावायचं. बाहेर गेल्यावर स्वारीशी बोलले, आमच्याशी नाही. तेवढ्यावरून कळलं.

पौष शुद्ध ६

शुद्धीवर आल्या. पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "आईला सांगा वहिनी, मी दिवा मालवला नाही हं. लागलेलाच होता."

देवा, ऐकलंस का रे?

पौष शुद्ध ७

फौजदार आले. "बाईंनी जाळून घेतलं का?" आळीतल्या बायकाही दारात तेच कुजबुजत होत्या. तरणी विधवा ना, दुसरं काय सुचणार! मी पडद्याआडून ओरडले, चैत्रात परीक्षा होती तिची! सतरापर्यंत पाढे झाले होते! स्वारीनं आज प्रथमच मला गप्प बसवलं नाही.

पौष शुद्ध ८

पहाटे गेल्या.

पौष वद्य ६

सासूबाई रडत नाहीत. जेवत नाहीत. सगळ्या चिमण्या त्यांनी उकिरड्यावर फेकायला लावल्या. "माझ्या घरात करंजेल जळेल. नाहीतर अंधार."

आमची जुनी तेलीण गंगुबाई, तिला बोलावणं धाडलं. ओट्याखाली बसून पदरानं डोळे पुसायला लागली. "बाय, घाना कवाच बंद क्येला. बैल इकला. तुमी समद्यांनी घासलेट आनलात, आमचा करंजेल कोन घेतो? आमचा म्हातारा आता मिठागरान जातो." लेकीसाठी रडत होती की घाण्यासाठी, कोण जाणे. दोन्हीसाठी असेल.

पौष वद्य १३

कल्याणहून थोडं करंजेल आणवलं. भाव पूर्वीच्या दुप्पट. घेणारे सरले म्हणून गाळणारेही सरले. चार दिवसांत संपलं. देवापुढे खोबरेलाची वात, बाकी घर काळंकुट्ट. जेवताना ताटात काय आहे दिसत नाही. स्वारीला माडीच्या जिन्यावर ठेच लागली. मला बरं वाटलं! मग आपलीच लाज वाटली.

माघ शुद्ध २

आज पुन्हा पडवीत बसले आहे. दुपारी सासूबाईंनी गड्याकडून घासलेटचा डबा आणवला. नवी चिमणीही. मला कोणी विचारलं नाही.

तिन्हीसांजेला उत्तराकाकू आल्या, तर सासूबाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. चिमणी स्वतः भरली, मला दाराच्या फटीतून दिसत होतं. स्वतः काडी ओढून लावली! पंधरा वर्षं झाली त्यांना विधवा होऊन. मग घटकाभर ज्योतीकडे पाहत बसल्या. एकाएकी फुंकर मारून मालवली, पुन्हा लावली. पुन्हा मालवली, पुन्हा लावली.

मग भिंतीपलीकडून मला म्हणाल्या, "गोदे, एवढंच होतं गं."