एका चुलीवर

९ जानेवारी १९८४, सोमवार

खोली सोडावी लागणार. सगुणाबाईंच्या धाकट्याचं लग्न ठरलं, वैशाखात. पुतळाची नि माझी खोली नव्या सुनेला. घरमालकीण असून सांगताना तिचाच जीव कासावीस — वर ताज्या बोंबलांची ताटली हातात दिली. भांडली असती तर सोपं गेलं असतं.

पुतळा दवाखान्यातली पाळी संपवून उशिरा आली. तिला सांगितलं. म्हणाली, "आधी बोंबील तळते, ताई. रडायचं ते जेवून रडू."

१५ जानेवारी

रविवार वाशीत खोल्या बघण्यात गेला. भाडं ऐकूनच निम्म्या ठिकाणांहून परत फिरलो. एका मालकाने मला विचारलं, तुमचे मिस्टर? लग्न केलं नाही, म्हटलं. मग पुतळाकडे वळून, आणि यांचे? तिने सांगितलं, वारले. कळवतो म्हणाला. तो काही कळवत नाही.

राहिला आमच्या घरबांधणीच्या कचेरीचा गाळा, म्हणजे नव्या इमारतीतलं लहान घर. किंमत परवडेल, हप्तेही आहेत. पण अर्ज कुटुंबाने करायचा. 'कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले.' इतक्या वेळा टाइप केलंय हे वाक्य की बोटं आपली आपण चालतात.

२४ जानेवारी

साहेबांनी नियमांचं बाड काढलंय. म्हणतात, घर सिमेंटने महागतं तेवढंच कागदाने महागतं. एकेका सहीसाठी इमारत अडून राहते, त्या काळाचं व्याज गाळ्याच्या किमतीत घालतात, आणि ज्या कामगारासाठी ती बांधली त्याच्या हातून निसटते. दाखले निम्मे करायचे, व्याख्या एका ओळीत बसवायच्या. सगळं टाइप करायचं मी. दिवसभर खोडाखोड. मान आखडली.

६ फेब्रुवारी

आज 'कुटुंब' आलं!

एक जण म्हणाला सासू-सासरे घाला, दुसरा म्हणाला विधवा बहीण. यादी लांबतच चालली. साहेब वैतागले. ते साताऱ्याकडचे. म्हणाले, आमच्या गावात विचारतात, घरात चुली किती? तेवढंच लिहा.

लिहिलं — 'एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब.' मीच टाइप केलं. बोटं थांबत थांबत.

रात्री पुतळाला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

७ फेब्रुवारी

आज सकाळपासून कॉन्व्हेंट आठवतंय. लांबच लांब टेबल, आम्ही बोर्डर मुली, टोकाला सिस्टर फिलोमिना. पातळ डाळ, पाव, आणि आजारी मुलीचं दूध झाकून ठेवलेलं. कोणाचं कोणाशी नातं नव्हतं. आई गेल्यावर बाबांनी मला तिथे ठेवलं आणि पहिल्या आठवड्यात मी रडायची थांबले ते त्या टेबलावरच. व्याख्या तेव्हा कोणी विचारली नाही.

२ मार्च

नव्या नियमांना वरून मंजुरी आली. दोघींनी मिळून अर्ज केला. चारुलता आणि पुतळा, चूल एक. नात्याच्या रकान्यात पुतळाने 'सोबत' लिहिलं.

१९ मार्च

घोटाळा झाला.

अर्जाच्या चौकशीला अरविंद आला. आमच्याच कचेरीतला, कामाला चोख. मी कामावर, पुतळा दवाखान्यात. घरी सगुणाबाई. तिला वाटलं, आमची वर्तणूक कशी ते विचारायला माणूस आलाय. तिने भरभरून सांगितलं — "दोगींच्या चुली येगल्या हायेत. कदी भांडन नाय, तंटा नाय!"

तिच्या लेखी ही केवढी शिफारस! सासू-सुना, जावा-जावा, सगळी भांडणं एका चुलीपायीच होतात.

अरविंदने खोलीत डोकावून पाहिलं. स्टोव्ह दोन होतेच. रेशन कार्डं दोन, रॉकेल दोन वाटे, म्हणून स्टोव्ह दोन. एकावर माझा भात, दुसऱ्यावर तिचं कालवण, आणि ताटं शेजारी शेजारी. हे त्याला कोण सांगणार? त्याने लिहिलं, 'चुली दोन. कुटुंब एक नाही.'

संध्याकाळी सगुणाबाईंना समजावलं. ती ओट्यावर बसली. "मी तं चांगलंच बोललू." म्हटलं, हो गं बाई, चांगलंच बोललीस.

२२ मार्च

पुतळाने दोन दिवस एकाच स्टोव्हवर दोघींचं रांधलं. आज म्हणाली, "एक स्टोव्ह विहिरीत टाकू का?" आम्ही दोघी हसलो. मग मी जरा रडले.

२६ मार्च

साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले. स्वतःसाठी काही मागायला पहिल्यांदाच. त्यांनी अरविंदचा शेरा वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. म्हणाले, "चुली दोन ना? मग कुटुंबं दोन. एका कुटुंबात माणसं किती हवीत, ते आपण नियमात लिहिलंच नाही, बाई."

वेगवेगळे अर्ज करा म्हणाले. मी विचारलं, दोघींना गाळे मिळाले तर? म्हणाले, एक परत करता येतो.

म्हणजे काळजी नाही. संधी दुप्पट, राहायचं एकत्रच.

१२ एप्रिल

सोडत झाली. दोघींची नावं निघाली!! मला वाशी, तिला नेरूळ. मी कचेरीत सगळ्यांना पेढे वाटले. नियम जुनेच असते तर यंदाच्या यादीतली किती माणसं दाखल्यांपायी बाहेर राहिली असती, साहेब सांगत होते. मला अर्धंच ऐकू आलं.

१४ एप्रिल

जयंती. पुतळा पांढरी साडी नेसून मिरवणुकीला गेली, मलाही ओढून नेलं. उन्हाने डोकं दुखलं. जिलबी छान होती.

१८ एप्रिल

वाशीच्या गाळ्याला खिडक्या दोन. पूर्वेच्या खिडकीशी तिची खाट, रात्रपाळी करून आली की निजायला. पण मग ऊन डोळ्यांवर येईल, पडदा जाड हवा. माझं कपाट दाराआड. स्टोव्ह एकच ठेवायचा, दुसरा सगुणाबाईंच्या सुनेला द्यायचा.

हे सगळं पुतळाला सांगितलं. हं म्हणाली. दमलेली दिसली.

२२ एप्रिल

पुतळा सुटीच्या दिवशी एकटीच कुठे गेली होती. भर उन्हात नेरूळला. इमारत बघून आली म्हणे. आसपास नुसतं माळरान, बसही धड नाही. मी म्हटलं, बघ, वाशीच बरं. तिने पाय धुतले आणि निजली.

२७ एप्रिल, शुक्रवार

किल्ल्या मिळाल्या. नेरूळचा गाळा परत करायचा अर्ज मी कचेरीतूनच टाइप करून आणला होता, तिच्या नावाने. तिने तो नीट वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला.

"चारूताई, आजवर कुठल्याच दाराला माझं नाव नव्हतं. मी नेरूळला जाते."

जरा वेळाने म्हणाली, "रविवारी जेवायला या."